बिनरेघेची फरशी

माझे बाबा सगळ्यात छान चालतात ते त्यांच्या शत्रूने बसवलेल्या फरशीवर. स्वतः बसवलेल्या फरशीवर त्यांचा पुतळा होतो.

हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू जरा गंभीर होशील का?" मी गंभीरच होते. विनोद घरात चालू होता, मी फक्त बातमी देत होते.

बाबा फरशीचे मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून काढली. आमच्या घरातली फरशी त्यांनी मी पाच वर्षांची असताना बसवली. राखाडी दगड, प्रत्येकाच्या कडा हाताने घासलेल्या, एकाला एक असा भिडवलेला की मध्ये नख जाणार नाही. वरून पंधरा दिवस पॉलिश. दोन फरश्यांमध्ये जी फट ठेवून सिमेंट भरतात, ती रेघ आमच्या घरात नाहीच. पलंगापासून दारापर्यंत नुसता गोठलेला तलाव. पाहुणे विचारायचे, "मिस्त्री, एवढा मोठा दगड दारातून आत आणला कसा?" बाबा चेहरा न हलवता सांगायचे, "आधी दगड ठेवला. मग त्याच्याभोवती घर बांधलं." दोन पाहुण्यांनी ते खरं मानलं. त्यातले एक इंजिनियर होते.

चार वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्स झाला. आधी डावा हात थरथरायला लागला, मग आवाज बारीक झाला, मग चेहऱ्याने सुट्टी घेतली. चेहऱ्याचं आम्हाला वर्षभर कळलंच नाही, तो आधीही फारसा कामावर नसायचा. शेवटी पाय. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटायचे. वरचं शरीर पुढे निघालेलं, खालचं म्हणतंय, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून.

माझी नोकरी घरूनच आहे. लिफ्टच्या कंपनीचा तक्रारीचा फोन मी उचलते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी, दुरुस्तीवाला पोचेपर्यंत, शांतपणे बोलत राहायचं, एवढंच काम. एकदा मी कानाला हेडफोन लावून कुणाला तरी सांगत होते, "घाबरू नका. हलू नका. जोर लावू नका. मदत येतेय." वीस मिनिटांनी वळून पाहिलं तर बाबा माझ्या मागे, खोलीच्या बरोबर मध्यावर, उभे.

"बाबा! कधीपासून?"

"तू म्हणालीस ना, हलू नका."

"अहो, ते तुम्हाला नव्हतं!"

"मला वाटलं, मदत येतेय," बाबा म्हणाले.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच. त्यामुळे मदत म्हणजे मीच.

डॉक्टरांनी व्यायामाच्या वर्गाला पाठवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, जुन्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. वर हे ऐकून मी घाबरले, पण जिना बाबा सरसर चढले. सपाट जमिनीवर अडकणारा माणूस पायऱ्या शाळकरी पोरासारखा चढतो हे पाहून मागून येणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी म्हाताऱ्याला उगाचच आजारी पाडलंय.

वर्गाच्या मॅडम उंचीने साडेचार फूट आणि त्यांचा आवडता शब्द 'मोठं'. हात मोठे फेका. पाऊल मोठं टाका. आवाज मोठा काढा. "या आजारात सगळं आपोआप लहान होत जातं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल आपण नाटक करतोय. बाहेरून बघणाऱ्याला ते जेमतेम नॉर्मल दिसतं. म्हणून मोठं!" वर्गात सहा जण होते. त्यात एक निवृत्त बस-ड्रायव्हर होते, ते जागच्या जागी वळतानासुद्धा आधी खांद्यावरून मागे बघून घ्यायचे. मग सगळ्यांनी एक ते दहा आकडे ओरडायचे. खाली वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, त्या भिंतीपर्यंत या." आणि बाबा चालले. एक, दोन, तीन, चार, नवरदेवासारखे, मान वर. भिंतीला हात लावून परत आले. माझ्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"रेघांमुळे," मॅडम म्हणाल्या. त्या हॉलमध्ये काळी फरशी आणि तिच्यात बोटभर रुंद पांढऱ्या रेघा. "पायाला आतून हुकूम जात नाही. पण समोर रेघ दिसली की ती ओलांडायची असं डोळे सांगतात. दुसऱ्या रस्त्याने निरोप पोचतो. घरीसुद्धा पट्ट्या मारा."

बाबांचं लक्ष नव्हतं. ते खाली बघत होते. मग वाकून, म्हणजे मॅडमनी जे दोन महिन्यांनी शिकवायचं ठरवलं होतं ते तेव्हाच करून, त्यांनी एका रेघेवरून अंगठा फिरवला.

"हे त्याचं काम आहे," ते म्हणाले.

तो म्हणजे रेघकाका.

बाबा आणि रेघकाका अठरा वर्षं भागीदार होते. माझ्या आठवणीत त्यांचं काम म्हणजे आवाज आहे. फरशी बसवल्यावर लाकडी हातोडीने ठोकून बघतात, खाली पोकळ तर नाही ना. दोघं दोन कोपऱ्यांत बसायचे. एकाची टक, दुसऱ्याची टक, मध्ये सारखंच अंतर. मला वाटायचं ते बोलतायत. रेघकाका म्हणायचे, फरशीला फुगायला जागा द्यावी, रेघ ठेवावी, आणि ठेवायचीच तर झोकात ठेवावी. बाबा म्हणायचे, रेघ म्हणजे मिस्त्रीने दिलेली कबुली की आपल्याला जमलं नाही. एका मोठ्या बंगल्यात अर्धा हॉल याने केला, अर्धा त्याने. उन्हाळ्यात बाबांचा अर्धा भाग फुगून उठला, पापडासारखा. बाबा म्हणाले, माल कालवताना चूक झाली. माल रेघकाकांनी कालवला होता. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बाबांनी घरी येऊन आमची फरशी बसवली, एकही रेघ न ठेवता. ती बावीस वर्षांत फुगली नाही. म्हणजे बाबा बरोबर होते. फक्त हे ज्याला दाखवायचं होतं, तो सोडून सगळं गाव पाहून गेलं.

रेघकाका राहायचे दोन गल्ल्या सोडून.

मी घरी निळ्या चिकटपट्टीच्या अकरा पट्ट्या मारल्या, पलंगापासून दारापर्यंत. मी भाजी आणायला गेले. परत आले तर पट्ट्या नव्हत्या. बाबा पलंगावर बसले होते आणि त्यांच्या हातात निळा चेंडू होता. ज्या बोटांनी शर्टाचं बटण लागत नव्हतं, त्यांनी अकरा पट्ट्या नखाने सोलून काढल्या होत्या.

"पॉलिशला डिंक लागतो," ते म्हणाले.

मॅडमना सांगितलं तर त्या खूश. "बोटांचा उत्तम व्यायाम! रोज लावा, त्यांना रोज काढू द्या."

त्याच आठवड्यात बाबा पडले. फार लागलं नाही, कपाळाला टेंगूळ आणि कोपराला खरचटलं. पण ताईने फोनवर टेंगूळ पाहिलं आणि तिचा आवाज डॉक्टरांसारखा झाला. "बास. दिवाणखान्यात गालिचा असलेलं घर आहे माझं. पुढच्या महिन्यात मी येते आणि घेऊन जाते. ती दगडाची फरशी त्यांना मारून टाकेल."

"तिकडे चांगली काळजी घेतील, बाबा," मी म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते, पण बोलावंसंही वाटत नव्हतं.

"तिथून जवळ कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"ताई आहे की."

"नाही. जवळ. दोन गल्ल्यांवर वगैरे."

तेव्हा मला काहीतरी आठवलं. बावीस वर्षं, मी बाजारातून आले की बाबा विचारतात, "आज कोण दिसलं रस्त्यात?" मी नावं सांगते. वाणी दिसला. शाळेतल्या बाई दिसल्या. आणि बाबा म्हणतात, "आणखी कोण?" मला वाटायचं त्यांना गप्पा हव्यात. मी कधी कधी माणसं वाढवून सांगायचे. रेघकाकांचं नाव मात्र कधी घ्यायचे नाही, त्यांना राग येईल म्हणून.

पुढच्या शुक्रवारी वर्गात बाबा खिडकीपाशी थांबले. मला वाटलं पाय गोठले. पण ते मुद्दाम उभे होते.

"ही शेवटची ओळ बघ," ते म्हणाले.

मला सरळच दिसत होती.

"दोन सुतं वाकडी आहे. इथून सुरू झालीय, तिकडे जाईपर्यंत वाहवत गेलीय. हा हॉल कधी झाला?"

मी खाली जाऊन वाचनालयवाल्यांना विचारून आले. "तीन वर्षं झाली म्हणे."

बाबांनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा नजरेने मोजली. मग म्हणाले, "त्याचे डोळे चाललेत."

घरी आल्यावर त्यांनी मला फोन लावायला सांगितला. नंबर त्यांना पाठ होता. स्वतःचा नाही, हा होता.

"हॅलो?" तिकडून आवाज आला.

बाबा काहीतरी म्हणाले. मी शेजारी बसले होते, मलाही ऐकू आलं नाही.

"हॅलो? कोण आहे? नको आम्हाला काही." फोन बंद.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा रेघकाका म्हणाले, "आता पोलिसात देईन." मी बाबांसमोर उभी राहिले, मॅडमसारखे दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "मोठं!"

चौथ्यांदा बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि वर्गात आकडे ओरडतात तसे ओरडले. "तुझी रेघ वाकडी आहे!"

बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

फोन बंद तर नाही झाला, म्हणून मी तपासला. मग अगदी हळू आवाजात प्रश्न आला, "कुठली?"

"वाचनालयाच्या हॉलमधली. खिडकीखालची."

"मला वाटलंच होतं," रेघकाका म्हणाले. "कुणी सांगितलं नाही रे."

मग फोन मी घेतला आणि त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते आले. हातात काठी, खांद्याला हत्यारांची जुनी पिशवी. दोन्ही डोळ्यांत धुकं. काचबिंदू, उशिरा कळला. दारात चपला काढून त्यांनी पाय आत टाकला आणि थांबले. अंगठा इकडेतिकडे फिरवला. मग काठी भिंतीला लावून गुडघ्यांवर बसले.

मला वाटलं काही पडलं त्यांचं. "काय शोधताय काका?"

"थांब पोरी."

ते नखाने चाचपत निघाले. दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून पलंगापर्यंत. तळहात, मग बोटं, मग नख. बाबा पलंगावर बसून बघत होते. रेघकाका पलंगाच्या पायाशी पोचले आणि तिथेच बसून राहिले.

"सापडत नाही रे," ते म्हणाले. "सांधा कुठे आहे?"

या वाक्याची वाट बाबांनी किती वर्षं पाहिली ते मला माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. येऊ शकत नव्हतं. पण डाव्या हाताने असं काही थरथरायला सुरुवात केली की त्यांना तो उजव्या हातात धरून मांडीवर दाबून ठेवावा लागला, एखाद्या मांजराला धरावं तसा.

"फुगली नाही?" रेघकाकांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"मग माल मीच वाईट कालवला असेन."

"नाही," बाबा म्हणाले. "माल बरा होता."

एवढंच. माझ्या मते आणखी बोलायला हरकत नव्हती. पण मिस्त्री लोक जेवढी फट तेवढंच भरतात.

मग रेघकाका म्हणाले, "हिने सांगितलं मला फोनवर सगळं. रेघा पाहिजेत तुला."

"पट्टी चिकटवायची नाही," बाबा म्हणाले. "करायची तर कोरून कर. पांढऱ्या सिमेंटची."

"ही फरशी कोरू? मी?"

"मग काय गालिच्यावर चालायला जाऊ पोरीकडे?"

मशीन वापरायला रेघकाका तयार नव्हते. "दहा बोटं घेऊन आलोय, दहाच परत न्यायची आहेत." छिन्नी आणि हातोडी. हात त्यांचे, डोळे बाबांचे. बाबा पलंगाच्या कडेला बसून सांगायचे, "डावीकडे. फार झालं. उजवीकडे. अरे, उजवीकडे म्हणजे माझ्या नाही, तुझ्या." अशी एक रेघ व्हायला अख्खी सकाळ लागायची. मी टेबलाशी बसून लिफ्टमधल्या माणसांना सांगत असायचे, आवाजाने घाबरू नका, तो आमच्या घरातला आहे.

आधी अंतर ठरवायचं होतं. मॅडमनी बाबांचं पाऊल मोजून दिलं होतं, पन्नास सेंटिमीटर. पलंग ते दार साडेपाच मीटर, म्हणजे अकरा रेघा. रोज एक.

"लहान धर अंतर," बाबा म्हणाले. "वीतभर."

"वीतभर म्हणजे किती होतील?" रेघकाकांनी विचारलं.

"पंचवीसेक."

"तुझं पाऊल वीतभर आहे?"

"आहे."

रेघकाकांनी मान माझ्याकडे वळवली. "पोरी, मॅडम काय म्हणाल्या?"

बाबा माझ्याकडे बघत होते. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते मला वाचता यायला हवं होतं, मी त्याची जुनी वाचक. पण मी डोक्यात फक्त ताई येण्याची तारीख घेऊन बसले होते.

"पन्नास," मी म्हणाले. "मोठं पाऊल टाकायला सांगितलंय."

"मग पन्नास," रेघकाका म्हणाले. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. रेघकाका घरी येण्याचे चौदा दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले होते आणि मला ते तिसऱ्या रेघेपर्यंत कळलं नाही.

अकरा दिवस सकाळी दहाला काठी वाजायची. अकरा दिवस चहा तीन कप. बाबा आधी चहा सांडतो म्हणून लोकांसमोर प्यायचे नाहीत. रेघकाकांसमोर प्यायले. सांडलं तरी दिसत नाही असं ते म्हणायचे, आणि रेघकाका म्हणायचे, "ऐकू येतं पण." सातव्या दिवशी बाबांनी खोटंच सांगितलं की रेघ वाकडी झाली, पुन्हा भरून पुन्हा कोर. रेघकाकांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "सरळ आहे. मला दिसत नाही याचा फायदा घेऊ नकोस."

अकराव्या दिवशी उंबऱ्याला लागून शेवटची रेघ झाली. बाबा पलंगावरून उठले. आकडे मोठ्याने म्हणत, रेघ ओलांडत, अकराला दारात. एकदाही थांबले नाहीत. रेघकाका कान देऊन प्रत्येक पाऊल ऐकत होते. मी ताईला व्हिडिओ पाठवला. ताईने तीन वेळा पाहिला आणि लिहिलं, बरं, राहू देत. आणि मग, कपाळाला काही लावतेस ना?

रेघकाकांनी हत्यारं पिशवीत भरली. "येतो," म्हणाले. बाबा म्हणाले, "बरं." काम संपल्यावर मिस्त्री परत कशाला येईल?

बाराव्या दिवशी सकाळी दहाला बाबा दारात जाऊन उभे राहिले. एक ते अकरा, झोकात. तिथून पलंगापर्यंत परत. पुन्हा दारात. मॅडमनी सांगितलेल्या व्यायामाच्या तिप्पट व्यायाम झाला. घर आता चालण्यासारखं झालं होतं आणि कुठे जायचं नव्हतं.

"कोण दिसलं का रस्त्यात?" त्यांनी विचारलं. मी कुठेही गेले नव्हते.

असे चार दिवस गेले. मग मी हेडफोन काढून ठेवला आणि फोन लावला. "काका, बाबांना बोलायचंय."

बाबांनी श्वास भरला. पण ओरडले नाहीत. "येतोस का?" ते म्हणाले, त्यांच्या मूळच्या, बारीक आवाजात. तिकडे ऐकू जाईल असं मला वाटलं नव्हतं.

"नाही जमत," रेघकाका म्हणाले. "परवा नाक्यावर स्कूटरवाल्याने उडवलं. पाय मुरगळलाय. तूच ये."

"मी?"

"मग काय नुसतंच दारापर्यंत कोरलंय?"

"रस्त्यावर रेघा नाहीत."

फोनमध्ये काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मग टक. जरा थांबून टक. मध्ये सारखंच अंतर. लाकडी हातोडी, दगडावर.

"पायरीवर बसलोय," रेघकाका म्हणाले. "फोन खिशात ठेव आणि नीघ. मी ठोकतो."

मी फोनचा स्पीकर लावला आणि बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. छातीत हातोडी वाजणारा माणूस उंबरा ओलांडून रस्त्यावर उतरला. टक, पाऊल. टक, पाऊल. मी दोन पावलं मागे. वाणी दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, "मिस्त्री, काय, हृदयात काम काढलंय?" बाबा थांबले नाहीत, ते आकड्यांत होते. पहिली गल्ली संपली. वळताना त्यांनी त्या बस-ड्रायव्हरसारखं आधी खांद्यावरून मागे पाहिलं.

दुसऱ्या गल्लीच्या मध्यावर टक थांबली.

मी खिशातून फोन काढला. बॅटरी गेली होती, माझ्या फोनची, जी मी सकाळपासून अडकलेल्या माणसांवर संपवली होती. बाबांचे पाय डांबराला चिकटले. वरचं शरीर पुढे झुकलेलं. पुढून एक हातगाडी येत होती. मी तोंड उघडलं. घाबरू नका, हलू नका, जोर लावू नका, मदत येतेय. पाच वर्षं मी दुसरं काही बोललेले नाही, आणि यातलं एकही वाक्य त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं.

"श्," बाबा म्हणाले.

हातगाडीवाला थांबला. मी थांबले.

पुढे, वळणापलीकडून, अगदी बारीक, दगडावर लाकूड वाजत होतं. फोन बंद पडलाय हे रेघकाकांना माहीतच नव्हतं. ते ठोकतच होते.

बाबांनी मान जराशी तिरपी केली, पूर्वी कोपऱ्यात बसून दुसऱ्या कोपऱ्याचं ऐकायचे तशी. एक टक त्यांनी जाऊ दिली. दुसरीही.

तिसरीला त्यांनी पाय उचलला. मोठा.